मिनिटाला चारशे फेरे

पेडणे तालुक्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या गल्लीत सेजल गवसची कंपनी होती. कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन मेजे, तारांचा गुंता आणि मागच्या भिंतीवर बरोबर दहा फुटांवर ठोकलेली बास्केटबॉलची रिंग. शेड ताब्यात आली त्या दिवशी कंपनीची पाटी लागायच्या आधी ती रिंग लागली होती. दुसऱ्या मेजावर धंद्याच्या पुस्तकांची चळत होती. त्यांच्या पानांच्या कडांतून पिवळ्या-निळ्या चिठ्ठ्या जिभा बाहेर काढून बसलेल्या. रोज सकाळी एक प्रकरण, आंघोळीनंतर आणि चहाच्या आधी, हा तिचा नेम होता. डिचोलीच्या घरापासून तुयेपर्यंत स्कूटरवर तिच्या कानात पॉडकास्ट चालू असे आणि तोही दीडपट वेगाने. कुठल्या तरी दूरच्या शहरात कंपनी उभारून, बुडवून, पुन्हा उभारलेली माणसे तिच्या हेल्मेटमध्ये घाईघाईने बोलत राहत. त्या आवाजांविषयी तिला भक्तीच होती. वाटेतली साळाची शेते, नदीवरचा पूल, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा पों पों हे सगळे त्या आवाजांच्या पलीकडे, काचेआड असल्यासारखे सरकत जाई.

यंत्रांविषयीची ओढ मात्र तिला घरातून मिळाली होती. तिचे वडील, शंभू गवस, दोडामार्गाहून डिचोलीला आले आणि बावीस वर्षे त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला. अंगणात बसून ते चढावरच्या ट्रकचा आवाज ऐकत आणि सांगत, "हो चाळीस नंबराचो. ह्याचा बेअरिंग आठवड्यात जातला." आणि ते जायचे. लहानग्या सेजलला हा चमत्कारच वाटे. पुढे खाणी थांबल्या, ट्रक झाकले गेले, वडिलांचे कान रिकामे झाले. पण लोखंड मोडण्याआधी बोलते ही गोष्ट सेजलच्या मनातून गेली नाही. इंजिनिअर झाल्यावर तिने साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी बनवली. तळाला चुंबक. यंत्राच्या अंगाला लावली की ती त्याची थरथर ऐकत बसे आणि काही वेगळे जाणवले की मालकाच्या फोनवर इशारा पाठवी. पेटीचे नाव तिने 'कान' ठेवले होते.

पेटीला यंत्राचे 'नेहमीचे' काय ते ठाऊक असावे लागे. त्यासाठी सेजलने एक नियम लिहिला होता: गेल्या सात दिवसांची सरासरी म्हणजे आजचे नेहमीचे. पेटी रोज एक जुना दिवस विसरे आणि एक नवा शिके. ही कल्पना तिला एका पॉडकास्टमधून सुचली होती. "जो काल विसरतो तोच उद्या जिंकतो," असे कोणी तरी दीडपट वेगाने म्हणाले होते. तिने स्कूटर बाजूला घेऊन ते वाक्य फोनमध्ये लिहून ठेवले होते.

दोन कारखान्यांनी पेटी लावून परत केली होती. आता उरला होता एकच, दत्तप्रसादशेटचा बर्फाचा कारखाना, तिच्या शेडपासून चार गल्ल्या पलीकडे. शेटचे असे तीन कारखाने होते. इथे पेटी टिकली तर तिन्हीकडे लागणार होती. नाही टिकली, तर सेजल शेडची किल्ली मालकाला देऊन पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला जाणार होती. तिथले पत्र तिच्या मेलमध्ये येऊन पडले होते आणि उत्तराची मुदत सोमवारपर्यंत होती. शेटने निकालाचा दिवस ठरवला होता शुक्रवार.

अडचण अशी होती, की पेटी बोंबलत होती. रोज नव्हे, पण एक दिवसाआड तरी, दुपारी दीडच्या सुमाराला. 'कंप्रेसरमध्ये ठोके', असा इशारा शेटच्या फोनवर जाई. शेट जेवणावरून उठून मोटरसायकलवर धावत येई. कंप्रेसर शांतपणे फिरत असलेला दिसे.

"मॅडम, ही पेटी माझ्या जेवणाच्या वेळेवर टपून बसते," शेट दुसऱ्या खेपेला म्हणाला. त्याच्या उजव्या हाताला अजून माशाच्या हुमणाचा वास येत होता. "आमच्या घरी बायको म्हणते, तुमका बर्फाचो कारखानो जेवपाक दिना. आधीच यंदा बर्फ धड लागत नाही. लादी वरून घट्ट, आत पोकळ. हवेतली गरमी म्हणायची, की विजेचा दाब, देव जाणे. त्यात ही."

सेजलने पेटी बदलली, चुंबक बदलला, तारा बदलल्या. दीड वाजता पुन्हा ठोके. शेवटी तिने पुस्तकातला सगळ्यात जुना सल्ला मानला: जाऊन बस. ग्राहकाच्या दारात नव्हे, तर त्याच्या यंत्राशेजारी.

मंगळवारी दुपारी एक वाजता ती कारखान्यात शिरली आणि रिकाम्या डब्यांच्या रांगेमागे एका मोडक्या खुर्चीवर बसली.

बर्फाच्या कारखान्यात ती यापूर्वी पाच-सात वेळा येऊन गेली होती, पण नेहमी घाईत आणि नेहमी पेटीकडे बघत. आज पहिल्यांदाच तिने तो कारखाना पाहिला. जमिनीत खोल टाकी, तिच्यात मिठाचे काळे, गार पाणी. त्या पाण्यात उभे बुडवलेले शेकडो डबे आणि प्रत्येक डब्यात मुकाट्याने दगड होत चाललेले पाणी. वर लाकडी फळ्यांची झाकणे. पाण्याच्या दगड होण्याला काहीच आवाज नव्हता. जो आवाज होता तो सारा कोपऱ्यातल्या कंप्रेसरचा, आणि तो इतका मोठा होता की थोड्या वेळाने ऐकू येईनासा झाला, जसे समुद्राकाठच्या माणसांना समुद्राचे होते. जनेलाच्या गजांतून आलेला उन्हाचा पट्टा गारठ्याच्या धुक्यात शिरून उभा राहिला होता. सेजलचा श्वास पांढरा दिसत होता. ऑगस्टात, पेडण्यात, आपला श्वास आपल्याला दिसतो आहे, याचे तिला लहान मुलासारखे नवल वाटले.

कामगार जेवायला गेले. मागे राहिला तो बाबली, कंप्रेसरचा माणूस. एकोणसाठ वर्षांचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल. कारखाना उघडला तेव्हापासून हे यंत्र त्याच्याकडे होते. त्याने डबा उघडला, अर्धा उंडो पाव आणि भाजी खाल्ली, हात धुतले, हात नीट पुसले. मग कंप्रेसरचे पट्टे झाकणाऱ्या पत्र्यासमोर स्टूल ओढून तो बसला आणि त्याने डोळे मिटले.

उजव्या हाताची बोटे पत्र्यावर पडली. मग डावा तळवा. आधी हलके, चाचपत. मग बोल मोकळे झाले. कंप्रेसरच्या घरघरीत जो एक ठोका दडलेला होता, तो सेजलला आता एकदम ऐकू आला, कारण बाबली त्याच्यावर पाय ठेवून चालला होता. पत्र्याचा पखवाज झाला होता. तिच्या खिशातला फोन थरथरला. तिने पाहिले: 'कंप्रेसरमध्ये ठोके. वेळ १.३४.'

ती उठून उभी राहिली. "मामा."

बाबलीचे हात पत्र्यावरच थिजले. "चेडवा! तू त्या डब्यांच्या मागे काय करतंस? गारठ्यान मरशीत."

"तुमचीच वाट बघतंय. तीन आठवडे."

बाबलीने तिच्याकडे पाहिले, मग पेटीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "म्हणजे ता बोंबलता, ता माझ्या ह्या वाजवण्यान?"

"होय."

"आणि शेट जेवण टाकून धावत येता—"

"तो तुमच्यामुळे."

बाबली हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "देवा रे! आणि मी शेटाक सांगतंय, पेटीक गरम जाता आसतला, तिका बर्फाचो तुकडो बांधया!"

सेजललाही हसू आवरेना. दोघे त्या धुक्यात हसत बसले. बाहेर मोटरसायकल वाजली, तसा बाबली स्टुलावरून उठला आणि तेलाचा डबा हातात घेऊन फार कामात असल्यासारखा उभा राहिला. शेट आला, वाकून बघितले, सेजलकडे एक थकलेली नजर टाकली, "शुक्रवारी," एवढेच म्हणाला आणि गेला.

शेट गेल्यावर बाबलीने सगळे सांगितले. रविवारी गावचा सप्ताह होता. नाव सप्ताह, पण आता तो चोवीस तासांचाच. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत देवळात अखंड भजन. प्रत्येक वाड्याने आपली पाळी, म्हणजे 'पार', सांभाळायची. एका वाड्याचा पार संपून दुसऱ्याचा सुरू होताना नाम तुटता कामा नये. बाबलीच्या वाड्याचा पार दुपारी तीन ते सहा आणि त्या पाराला गेली सव्वीस वर्षे पखवाज बाबलीचा.

"घरी वाजवचा कधी जमलाच नाय, आणि आता तर नातू दोन महिन्यांचो. पखवाजाक हात लायलो की सून डोळे वटारता. म्हणून हय बसतंय. आणि खरा सांगू? ह्याच्यासारखो साथीदार नाय. गाणारो रंगात इलो की धावता, हार्मोनियमवालो झोपलो की मागे पडता. ह्या मशीन नाय धावणा, नाय झोपणा. ह्याचे चार फेरे म्हणजे माझी एक मात्रा. अकरा वर्सां."

"मग रविवारी मी ऐकूक येतंय," सेजल म्हणाली.

बाबलीचा चेहरा उतरला. तो पत्र्यावरची धूळ पुसू लागला. "औंदा मी नाय वाजवणा. सिद्धेशाक सांगून टाकलंय. भावाचो झील, बरो वाजवता."

"कित्याक?"

"हात धावता गो माझो." तो तळवे उलटेपालटे करून बघत राहिला. "गेले तीन आठवडे बघतंय. सुरवातीक मशीनीक धरून चलतंय, चार आवर्तनां बरी जातत, आणि मग हात पुढे. मशीन मागे, मी पुढे. मशीन काय चुकतला? ता लोखंड. चुकता तो मी. म्हातारपणात कोणाचे डोळे जातत, कोणाचे दात. माझी लय गेली. पारात हात धावलो तर गाणारे सगळे पडतत, चेडवा. सव्वीस वर्सांचा नाव आसा. ता जावच्या आधी आपणच उठलेला बरा."

सेजलने पेटीच्या पोटातले कार्ड काढून घेतले. त्यात तीन आठवड्यांची सगळी थरथर साठवलेली होती, जी तिने आजवर आकड्यांच्या रूपातच पाहिली होती. कधी कानांनी ऐकली नव्हती.

बुधवारी तिने शुक्रवारची तयारी केली. सोपे होते. प्रत्येक खोट्या इशाऱ्याच्या वेळी पत्र्यावर बाबलीचे हात होते; आलेख इतका स्वच्छ होता की शाळकरी पोरालाही कळला असता. पेटी निर्दोष. पहिल्या पानावर तिने शीर्षक टाकले, 'बाहेरचा अडथळा', आणि पुढे न जाता ते पुन्हा वाचले. निवृत्तीचे वय उलटल्यावर बाबलीने शेटच्या हातापाया पडून नोकरीत आणखी एक वर्ष मागून घेतले होते, हे तिला ठाऊक होते. शेट तीन आठवडे उपाशी धावला होता, तो हसून सोडून देणार नव्हता. पुस्तके म्हणत होती: दोष नेमका दाखवा, भावना बाजूला ठेवा. पुस्तकांना बाबली ठाऊक नव्हता. पण सोमवारी त्या पुण्याच्या पत्राला उत्तर द्यायचे होते, हेही खरे होते. तिने पान पुसले नाही.

गुरुवारी सकाळी ती चेंडू घेऊन शेडच्या मागे गेली. विचार अडला की ती हेच करी. डिचोलीच्या शाळेच्या मैदानावर, तेरा वर्षांची असताना, तिच्या प्रशिक्षक बाई तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधत आणि म्हणत, "चेंडूकडे बघायचा नाय. ऐकायचा. तो खंय आसा ता तोच सांगता." त्या काळोखात चेंडूचा ठोका छातीत येऊन बसे. पुढे ती गोव्याच्या संघातून खेळली, मग सुटले सगळे, पण तळव्याला तो ठोका अजून पाठ होता.

आज कानात पॉडकास्टऐवजी तिने कार्डावरचा आवाज लावला. सगळ्यात जुना, मासेमारीची बंदी उठली आणि पेटी लागली त्या पहिल्या दिवसाचा. कंप्रेसरची घरघर, तिच्यावर बाबलीचे हात. ती त्या ठोक्यावर चेंडू आपटू लागली. यंत्र, हात, चेंडू, तिन्ही एकाच पावलाने चालले. शंभर, दोनशे, तीनशे ठोके. तिचा श्वासही त्यातच मिसळला. तो आवाज संपून रांगेत लावलेला दुसरा, परवाचा, आपोआप सुरू झाला, तेव्हा तिने चेंडू थांबवला नाही.

आणि तिला वाटले, कोणी तरी मागे राहिले.

कानात बाबली वाजवत होता. पहिली काही आवर्तने जडपणे, ओढून धरल्यासारखी गेली. मग त्याचा हात सुटला आणि थेट तिच्या चेंडूवर येऊन बसला. ठोक्याला ठोका. पण यंत्र त्यांच्याबरोबर नव्हते. ते मागून येत होते, दमलेल्या माणसासारखे, दर काही मात्रांनी आणखी थोडे मागे.

तिला आधी वाटले, आपल्या फोनचा वेग बिघडला. दीडपटीची सवय. तिने पाहिले: वेग एक. तिने पुन्हा पहिल्या दिवसाचा आवाज लावला, चेंडू धरला, पुन्हा शेवटचा लावला. तेच. चेंडू घामाने निसटून गटाराकडे घरंगळत गेला आणि ती त्याच्यामागे न जाता आत धावली.

दुपारपर्यंत तिने तीन आठवड्यांतली दर दुपार मोजली. मेजावरच्या कागदावर दोन ओळी उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी यंत्र मिनिटाला चारशे फेरे, म्हणजे बाबलीच्या हिशेबाने शंभर मात्रा. मग तीनशे अठ्ठ्याण्णव. तीनशे पंच्याण्णव. परवा तीनशे ऐंशीच्या खाली. रोज इतके थोडे कमी, की पेटीने रोज ते नव्याने 'नेहमीचे' म्हणून शिकून घेतले. आठवड्यापूर्वीचे यंत्र तिला आठवतच नव्हते. विसरणे तिला सेजलनेच शिकवले होते.

दुसरी ओळ बाबलीच्या हाताची. पहिली आवर्तने सोडून, हात मोकळा झाल्यानंतरची. शंभर. शंभर. नव्व्याण्णव पूर्णांक आठ. शंभर. तीन आठवडे. अधूनमधून ताप आला असेल, सुनेशी खटका उडाला असेल, नातू रात्रभर रडला असेल; ओळ हलली नव्हती. ती ओळ सेजल किती तरी वेळ बघत बसली. मांसाचा, रक्ताचा, एकोणसाठ वर्षांचा हात. त्याला खूण म्हणून जे यंत्र होते तेच घसरत गेले, आणि ते घसरते आहे हे ठाऊक नसतानाही, स्वतःला दोष देत देत, तो हात आपल्या जागेवर परत येत राहिला. आपण काय ऐकायला निघालो होतो आणि किती थोडे ऐकले! बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. शेडच्या पत्र्यावर चार थेंब वाजले आणि थांबले.

शुक्रवारी अकरा वाजता दत्तप्रसादशेट कंप्रेसरजवळ हाताची घडी घालून उभा होता. बाबली थोडा लांब, पुसायच्या फडक्याशी चाळा करत. काय सांगितले जाणार ते त्याला ठाऊक होते आणि त्याने मान खाली घातली होती.

"बोला मॅडम. लागला शोध, पेटी का बोंबलते?"

सेजलने लॅपटॉप उघडला. पहिले पान समोर आले. तिने तो मिटला.

"शेट, कंप्रेसर दहा मिनिटं बंद करायला सांगा."

"आज?" शेटचा आवाज चढला. "हरमलच्या होड्यांचा बर्फ दुपारी जायचा आहे. मांद्र्याची दोन हॉटेलं बसलीत वाट बघत. पेटीने सांगितलं का बंद करायला?"

"नाही. पेटीला कळलंच नाही."

शेट तिच्याकडे बघत राहिला. माल विकायला आलेले माणूस असे बोलताना त्याने आजवर ऐकले नसावे. "मग कोणी सांगितलं?"

"बाबलीमामांनी. त्यांनी सांगितलंय, हे त्यांनाच ठाऊक नाही."

बाबलीने मान वर केली. सेजलने फेरे मोजायचे यंत्र चक्रासमोर धरले आणि आकडा शेटला दाखवला. तीनशे एकोणऐंशी. मग यंत्रावरच्या पितळी पट्टीवर कोरलेल्या मूळ वेगाच्या आकड्यावर बोट ठेवले. चारशे. शेट दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"लादी आत पोकळ राहते म्हणालात ना? ती गरमीने नव्हे."

"बंद कर रे, बाबली," शेट म्हणाला.

कंप्रेसर थांबला. जी शांतता पसरली ती इतकी अनोळखी होती, की टाकीजवळचे कामगार वळून बघू लागले. बाबलीने पत्र्याचे झाकण उतरवले. रबर जळल्याचा वास आला. पट्टे काचेसारखे चकाकत होते, हात ठेववत नव्हता इतके तापलेले. बाबली मोटरच्या पायाशी वाकला आणि वरच्या सुरात ओरडला, "शेटा, हय ये! बोल्ट बोटांनी फिरता!" बैठकीचे दोन बोल्ट सैल झाले होते. मोटर केसाकेसाने पुढे सरकली होती आणि पट्टे ढिले पडत गेले होते. शेवटचा पट्टा बाबलीने आतून उलटला. त्याचा आतला थर अर्ध्यापेक्षा जास्त फाटला होता.

"आज नाय तर उद्या," बाबली म्हणाला. "तुटलो आसतो आणि बाकीचे घेऊन गेलो आसतो."

टाकीतल्या शेकडो डब्यांकडे शेटची नजर गेली. उद्या, शनिवारी, सगळ्या होड्या बाहेर असताना हे झाले असते.

"म्हणजे..." बाबली हळूहळू उभा राहिला. हाताला लागलेले काळे त्याने पुसले नाही. "म्हणजे माझो हात..."

"तुमचा हात शंभरावर होता, मामा. तीन आठवडे. मी मोजलंय." सेजलने खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. बाबलीने तो घेतला नाही. हात काळे होते. तो वाकून, ओठ हलवत, एक एक आकडा वाचू लागला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचू लागला.

मग तो शेटकडे वळला. "शेटा, ता जेवणाच्या वेळेचा बोंबलणा, ता माझा. मी पत्र्यार पखवाज वाजवतंय."

"कधीपासून?"

"अकरा वर्सां."

"अकरा वर्षं माझ्या पत्र्यावर?"

"पत्रो बरो आसा, शेटा," बाबली खाली मान घालून म्हणाला.

शेटला हसू आले, आणि ते दाबायला त्याने तोंड फिरवले. "पट्टे आण नवे. होड्यांना फोन करतो मी, संध्याकाळी नेतील." जाता जाता तो सेजलपाशी थांबला. "पण मॅडम, दोष माणसाने काढला. तुमच्या पेटीने नव्हे. मग पेटी कशाला ठेवू, तेवढं मला कळत नाही."

"मलाही अजून कळलेलं नाही," सेजल म्हणाली. "काढून न्यायची असेल तर नेते."

"रविवार जाऊ दे," शेट म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने पेटीचा तो नियम उघडला. एकच ओळ. तिने ती काढली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली: यंत्र नीट असल्याची खात्री माणसाने करून दिलेला दिवस पेटीने कधीही विसरायचा नाही, रोजचे यंत्र त्या दिवसाशी ताडून बघायचे. मग तीन आठवड्यांची सगळी थरथर तिने पेटीला पुन्हा पहिल्यापासून ऐकवली. सहाव्या दिवशीच पेटी म्हणाली: 'वेग घसरतो आहे.'

रविवारी देवळाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. ती पोहोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. मंडपात बाबली बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर पखवाज. डोळे मिटलेले. त्याच्या शेजारी सिद्धेश झांजा धरून. समोर पंचवीस-तीस गळे, म्हातारे, कोवळे, काही बेसूर. आणि त्या सगळ्यांखाली एक न हलणारी जमीन असावी तसा तो ठेका. कोणी रंगात येऊन धावू लागे, आणि बाबलीचा हात त्याला न ओढता, न रागावता नुसता तिथेच राही. धावणारा आपोआप परत येई. सेजल खांबाला टेकून बसली. सकाळपासून हे चालले होते. त्याआधीच्या वर्षी, आणि त्याच्याही आधी, किती माणसांच्या हातांतून हा ठेका आला असेल! त्यांतली किती तरी माणसे आता नव्हती.

सहाला पाच मिनिटे असताना पुढच्या वाड्याचे लोक येऊन मागे उभे राहिले. त्यांचा पखवाजवाला, वीसेक वर्षांचा, बाबलीच्या डाव्या अंगाला येऊन बसला. त्याने आपला पखवाज मांडीवर घेतला आणि थोडा वेळ काहीच केले नाही, नुसते ऐकले. मग त्याची बोटे बाबलीच्या बोटांखाली, जवळजवळ न ऐकू येण्याइतकी, चालू लागली. दोन ठेके एकावर एक बसले. कुठल्या क्षणी बाबलीचे हात उचलले गेले ते सेजलला दिसले, पण ऐकू आले नाही. नाम चालूच होते. मैदानावर तिने हजारो पास दिले होते, घेतले होते. चेंडू हातातून सुटून दुसऱ्या हातात पडेपर्यंत एक पोकळी असतेच, कितीही छोटी. इथे ती नव्हती.

बाबली उठला, गुडघे दाबत बाजूला आला. सगळा घामाने भिजलेला. त्याने तिला पाहिले आणि ओठांनीच विचारले, "कितके?"

ती हसली. तिने मोजले नव्हते.

कोणी तरी शेजारी येऊन बसले. दत्तप्रसादशेट, सोवळे नेसलेला, हातात प्रसादाचा द्रोण. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग द्रोण तिच्यापुढे करत हळू आवाजात म्हणाला, "ते पेटीचं विसरणं बंद करता येतं का?"

"केलं. परवा."

"मग तिन्ही कारखान्यांत लावा." एक चणा तोंडात टाकून तो म्हणाला, "पण दीड ते दोन तिला गप्प बसवा. मला जेवू द्या."

"गप्प बसवेन, शेट. पण त्या वेळात तिला ऐकायला तरी लावते. मामांचं."

शेटने बाबलीकडे पाहिले आणि मान डोलावली.

घरी जाताना सेजलने पॉडकास्टसाठी कानात इअरफोनचे बोळे कोंबले, हेल्मेट उचलले, आणि दीडपटीवर बोट ठेवणार तोच थांबली. बोळे काढून तिने खिशात टाकले. तुयेचा चढ उतरताना मागच्या देवळातला ठेका किती तरी लांबपर्यंत ऐकू येत होता. मग तो ऐकू येईनासा झाला, आणि स्कूटरच्या मुठीवर तिचा डावा तळवा तेवढ्याच वेगाने हलकेच पडत राहिला.